लॉन रिकामं होतं: लातूरमधल्या एका नकाराचं प्रकरण

नावाचा बोर्ड करणाऱ्या पोरानं फोनवर विचारलं, "ताई, एक नाव लिहून घेतलं. नवरदेवाचं सांगा." तिनं दुसरं नाव सांगितलं. तो म्हणाला, "हे करवलीचं झालं ओ. मुलाचं काय लिहू?"

त्या पोराच्या मनात काही वाकडं नव्हतं. संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर त्यानं लॉनच्या मालकाला हे गंमत म्हणून सांगितलं. रात्री साडेनऊला मालकाचा फोन आला, "तुमचा कार्यक्रम आमच्याकडं जमायचा नाही, ताई. आमच्या धर्मात बसत नाही ते." कार्यक्रम पाच दिवसांवर होता.

मी लातूरला वकिली करते. हे प्रकरण माझ्याकडं आलं ते मात्र मालकाच्या बाजूनं. माझे वडील शिक्षक होते, मालकाची दोन्ही मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून मालकांना मी काका म्हणते आणि ते मला मॅडम म्हणतात. लॉन नाकारल्याबद्दल आलेली वकिलाची नोटीस हातात घेऊन ते आले तेव्हा त्यांना वाटत होतं की मी एक कडक उत्तर लिहून देईन आणि विषय संपेल. खरं सांगायचं तर मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पुढचं दोन्ही बाजूंच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पौषातलं बुकिंग

कार्यक्रम होता एकत्र संसार करणाऱ्या दोघी बायकांचा. त्यांतली थोरली इथल्या एका खासगी दवाखान्यात परिचारिका, धाकटी पुण्यात नोकरीला. सहा वर्षांची ओळख, त्यातली चार वर्षं एकत्र राहण्याची. कायद्यानं लग्न होत नाही हे दोघींना पक्कं माहीत होतं. त्यांना हवं होतं ते एवढंच की आपली माणसं एकदा एका मांडवाखाली जेवावीत. थोरलीची आई आणि भाऊ पाठीशी होते. धाकटीच्या घरून एक मावशी तेवढी येणार होती.

तारीख पौषातली धरली. पौषात लग्नं नसतात, लॉन ओस पडलेली असतात. लग्नसराईत नव्वद हजार घेणारे काका चाळीस हजारांवर आले. भावानं पंधरा हजार ॲडव्हान्स दिला. पावतीवर 'कार्यक्रमाचे स्वरूप' अशी ओळ होती, तिथं काकांनी स्वतःच्या हातानं 'घरगुती कार्यक्रम' असं लिहिलं. बारसं, पंचाहत्तरी, सेवानिवृत्ती, सगळं ते याच शब्दांत लिहितात. पुढं सारा वाद या दोन शब्दांवर आला. काकांचं म्हणणं, "त्यांनी लपवलं." भावाचं म्हणणं, "त्यांनी विचारलं कुठं?"

मी ती पावती बराच वेळ बघत बसले. पौषात लग्न होत नाही म्हणून लॉन रिकामं, आणि लग्न नाही म्हणूनच या कार्यक्रमाला पौष चालला. काकांनी तारीख दिली ती लग्न नाही असं धरून, आणि मोडली ती लग्न आहे असं धरून.

चि. सौ. कां. आणि चि. सौ. कां.

लॉनच्या आधी एक छापखाना लागतो, आणि माझ्या मते प्रकरणाचा गाभा तिथं आहे.

पत्रिका टाकायला दोघी गंजगोलाईजवळच्या एका प्रेसमध्ये गेल्या होत्या. प्रेसवाल्यानं नेहमीचा साचा उघडला. वर गणपती, खाली 'शुभविवाह', डावीकडं चि., उजवीकडं चि. सौ. कां. मजकूर वाचून तो थांबला. म्हणाला, "ताई, पत्रिका छापून देतो. पण 'शुभविवाह' हा शब्द माझ्या मशीनवरून निघायचा नाही. मी माळकरी माणूस. दुसरं काहीही लिहा." धाकटी चिडली. थोरलीनं विचारलं, "गणपती चालंल का?" तो म्हणाला, "गणपतीला काय झालं? मागच्या महिन्यात बैलाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गणपती टाकला की."

अर्धा तास घासाघीस झाली. दोन्हीकडं चि. सौ. कां. लावावं तर ते त्याला वाचवेना, आणि 'कु.' तर दोघींनाच नको होतं. शेवटी उपाधीशिवाय नुसती दोन नावं, वर गणपती, आणि मधे एक ओळ: 'आम्ही दोघी एकत्र संसार करीत आहोत, आशीर्वादाला यावे.' ही ओळ प्रेसवाल्यानंच सुचवली. 'शुभविवाह'पेक्षा ती जास्त धीट आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि त्यानं सोडून दिलं असेल. दीडशे प्रती, पैसे नेहमीचेच.

दोन्ही व्यावसायिक माळकरी, दोघांनीही धर्माचंच नाव घेतलं. एकानं एक शब्द नाकारला आणि गिऱ्हाईक ठेवलं. दुसऱ्यानं गिऱ्हाईकच नाकारलं. नोटीस फक्त दुसऱ्याला गेली, आणि दोघींनी हे वकिलाला न विचारता ठरवलं होतं. थोरलीचे शब्द होते, "त्यानं आम्हाला बसवून चहा पाजला ओ. त्याच्यावर कशाची केस करायची?"

काकांशी झालेलं बोलणं

मी त्यांना विचारलं, "लॉनवर काय काय चालत नाही?"

"मटण नाही, दारू नाही, ऑर्केस्ट्रा नाही. आबांपासूनचा नियम आहे."

"मुसलमानांचं लग्न?"

"वलिमा झालाय की. जेवण शाकाहारी, बस्स."

"बौद्ध पद्धतीचं?"

"दरवर्षी दोन-तीन होतात."

"आंतरजातीय?"

इथं ते जरा थांबले. "एक झालं होतं. पोलीस बंदोबस्तात. लोक लई बोलले तेव्हा."

"मग तेव्हा धर्म कुठं होता, काका?"

"तेव्हा आबा होते," ते म्हणाले. नंतर खूप वेळ काही बोलले नाहीत.

मग हळूहळू बाहेर आलं. पुतण्यानं सांगितलं होतं की गावात कळलं तर चैत्र-वैशाखाची बुकिंगं जातील. कुणी दगड मारला तर काचेचं भाडं कोण देणार? भजनी मंडळात तोंड कसं दाखवायचं? यातली एकही भीती खोटी नव्हती, आणि यातलं काहीही धर्माचं नव्हतं. शाकाहाराचा नियम मात्र धर्माचा होता, आणि तो ते सगळ्यांना सारखा लावत होते. वलिम्याच्या पाहुण्यांनी तो पाळला होता, या दोघींनीही पाळला असता. त्यांचा आचारी तर काकांच्याच ओळखीचा होता.

मी त्यांना खोटारडे म्हणत नाही. 'धर्मात बसत नाही' हे आपल्याकडं नकाराचं सगळ्यात सभ्य रूप आहे. 'लोक काय म्हणतील' असं म्हटलं तर समोरचा वाद घालतो. धर्म म्हटलं की गप्प बसतो.

कायदा काय देतो

पुतण्याच्या मोबाइलवर एक फॉरवर्ड होता: कोर्टानंच समलिंगी लग्न नाकारलंय, मग आपण का देऊ? अर्धी गोष्ट बरोबर आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि समलिंगी विवाहाला मान्यता द्यायची तर ती संसदेनं द्यावी. पण अशा जोडप्यांनी एकत्र राहू नये असं त्या निकालात कुठंही नाही. एकत्र राहण्याचं, जोडीदार निवडण्याचं स्वातंत्र्य बहुमतानंही मान्य केलं आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज जोहर निकालानं सज्ञानांमधला संमतीचा संबंध तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ च्या बाहेर काढला, तो आजही गुन्हा नाही. दोघींनी शंभर माणसं जेवायला बोलावली तर त्यात बेकायदेशीर काहीच नाही. सरकार नोंदणी करणार नाही, इतकंच. वास्तुशांतीची तरी सरकार कुठं नोंदणी करतं?

मग लॉनमालकाला नकार देता येतो का? इथं राज्यघटनेचं कलम १५(२) येतं. १५(१) सरकारला बांधतं. १५(२) तुम्हाआम्हाला. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत कुणी विचारलं की दुकान म्हणजे नेमकं काय, धोबी, न्हावी त्यात येतात का? डॉ. आंबेडकरांनी अर्थ शक्य तितका रुंद केला: जो मालक आपली सेवा मागायला येईल त्या कुणालाही ती द्यायला तयार असतो, त्याची जागा म्हणजे दुकान. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन खटल्यात हाच अर्थ पुढं चालवला आणि खासगी शिक्षणसंस्थांनाही त्यात घेतलं. मराठवाड्यात हे समजावून सांगावं लागू नये. हॉटेलाच्या वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी आणि 'तुमची हजामत इथं होत नाही' म्हणणारं सलून आमच्या वडलांच्या पिढीनं पाहिलं आहे. ते नाकारणारेही धर्माचंच नाव घेत.

पण १५(२) मध्ये 'लिंग' आहे, 'लैंगिक कल' हा शब्द नाही. २००९ च्या नाझ फाउंडेशन निकालात दिल्ली उच्च न्यायालयानं 'लिंग' या शब्दात लैंगिक कल येतो असं म्हटलं, आणि नवतेजमध्येही कलावरून भेदभाव हा शेवटी लिंगावरूनच भेदभाव असतो हा विचार आला. तर्क साधा आहे. त्या दोन नावांपैकी एक पुरुषाचं असतं तर बोर्ड झाला असता. तरीही लॉन विरुद्ध जोडपं असा सर्वोच्च न्यायालयाचा थेट निवाडा दाखवून मला काकांना घाबरवता आलं नसतं. शिवाय १५(२) मोडलं तर शिक्षा काय, हे त्या कलमात नाही. अस्पृश्यतेवरून सेवा नाकारली तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. दोघींपैकी एक ट्रान्सजेंडर असती तर २०१९ च्या कायद्यातलं तिसरं कलम होतं, त्यात सेवा नाकारणं स्पष्ट शब्दांत मना केलं आहे. या दोघींसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही.

काकांच्या बाजूनं कलम २५ आहे, सद्सद्विवेकाचं आणि धर्माचरणाचं स्वातंत्र्य. पण ते सुरूच होतं अटींनी: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातल्या इतर तरतुदी. त्या इतर तरतुदींत १५(२) आहे. उद्या एखाद्या गुरुजींनी मंगलाष्टकं म्हणायला नकार दिला तर मी त्यांचा खटला आनंदानं लढेन. मंत्र म्हणणं हे धर्माचरणच आहे. लॉनवर सतरंज्या अंथरणं, जनरेटर लावणं, पाण्याचा टँकर मागवणं याला धर्माचरण म्हणायला मला माझी सनद आड येते.

हे सगळं मी काकांना सांगितलं आणि मग म्हणाले, "यातल्या कशानंही तुम्ही अडकत नाही. तुम्ही अडकलात पावतीनं."

ॲडव्हान्स घेतल्याक्षणी त्या दोघी ग्राहक झाल्या होत्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं मोबदल्याचा काही भाग दिलेला असला तरी पुरतो. पाच दिवस आधी सेवा मोडली ही त्रुटी, कारण काहीही असो. 'ॲडव्हान्स परत मिळणार नाही' ही पावतीवरची ओळ गिऱ्हाइकानं रद्द केलं तर लागू होते, मालकानं स्वतः मोडलं तर तिचा आधार घेता येत नाही. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्कही नाही. धर्म, लिंग, घटना, काही न काढता केस उभी राहत होती.

याची दुसरी बाजू मला अजून टोचते. काकांनी पहिल्याच दिवशी, पैसे न घेता, तोंडावर नाही म्हटलं असतं तर? मग त्या ग्राहकच नव्हत्या. ग्राहक आयोग बंद. उरलं असतं कलम १५(२) आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातली रिट याचिका, पौषातल्या एका जेवणासाठी. म्हणजे आपल्या कायद्यात आज उशिरा केलेला अपमान महाग पडतो, आणि वेळेवर केलेला जवळपास फुकट.

केकवाल्यांची गोष्ट

पुतण्याला अमेरिकेतला केकवालाही माहीत होता. "तिकडं कोर्टानं दुकानदाराला जिंकवलं." जिंकवलं हे खरं. समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारणारा बेकरीवाला, २०१८ मध्ये मास्टरपीस केकशॉप खटल्यात सात विरुद्ध दोन. पण कशावर, तर कोलोरॅडोच्या नागरी हक्क आयोगानं त्या बेकरीवाल्याच्या श्रद्धेबद्दल तुच्छतेनं वागून निष्पक्षपणा सोडला, यावर. धर्म सांगून दुकानानं गिऱ्हाईक परत पाठवावं की नाही, हा प्रश्न त्या निकालानं तसाच ठेवला. २०२३ मध्ये ३०३ क्रिएटिव्ह खटल्यात समलिंगी लग्नांच्या वेबसाइट करायला नको म्हणणारी सहा विरुद्ध तीननं जिंकली, कारण न्यायालयानं तिचं काम हे तिची अभिव्यक्ती मानलं.

मला यापेक्षा बेलफास्टची ॲशर्स बेकरी जवळची वाटते. समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी ओळ केकवर लिहायला तिनं नकार दिला. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी बेकरीच्या बाजूनं कौल दिला: नकार माणसाला नव्हता, मजकुराला होता, आणि तीच ओळ कुणीही मागितली असती तरी नकारच मिळाला असता. हा आमचा प्रेसवाला. आणि २०१३ मध्ये त्याच न्यायालयानं कॉर्नवॉलच्या एका लहान हॉटेलाच्या ख्रिस्ती मालकांना, समलिंगी जोडप्याला डबल रूम नाकारल्याबद्दल, दोषी धरलं. हे आमचे काका. आणखी मागं जायचं तर १९६८ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या एका बार्बेक्यूवाल्यानं कृष्णवर्णीयांना वाढणं आपल्या श्रद्धेविरुद्ध आहे असं सांगितलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो युक्तिवाद क्षुल्लक म्हणून बाजूला सारला.

परदेशी निकाल आपल्या न्यायालयाला बांधत नाहीत. पण काकांना 'मजकूर' आणि 'माणूस' हा फरक कायद्याच्या पुस्तकापेक्षा केकच्या गोष्टीतून लवकर कळला.

तडजोड

नोटिशीत पाच लाख आणि वर्तमानपत्रात जाहीर माफी मागितली होती. मला ती नोटीस तापलेली वाटली. जाहीर माफीनं सगळ्यात आधी त्या दोघींचीच नावं गावभर झाली असती, आणि दवाखान्यात थोरलीनं अजून सगळ्यांना सांगितलेलं नव्हतं. हे मी समोरच्या वकिलाला फोनवर बोलले, त्यालाही पटलं.

कार्यक्रम तोवर होऊन गेला होता. थोरलीच्या मामाच्या शेतात, औशाकडं. येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण, दहा दिवसांपूर्वीच झालेली, कडब्याची कोप (झोपडी) अजून उभी होती. त्यांनी ती मोडली नाही, तिच्याच पुढं मांडव घातला. भज्जी, उंडे, आंबील असा येळवशीचाच बेत पुन्हा केला. येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायची रीत आहे. मामांनी ती त्या दिवशीही पाळली. शेजारच्या शेतातले दोघं जेवून गेले आणि कशाचं जेवण ते निघताना विचारून गेले.

मांडव, जनरेटर, टँकर आणि गावातून शेतापर्यंत माणसं न्यायला दोन टमटम, असा खर्च बावन्न हजार झाला. लॉनचं भाडं चाळीस ठरलं होतं, म्हणजे बारा हजार जास्तीचे. काकांनी ॲडव्हान्सचे पंधरा आणि हे बारा, असे सत्तावीस हजार दिले. माफीच्या कागदावर सही करायला ते तयार नव्हते. मी दोनदा मसुदा बदलला. शेवटी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'पाच दिवस राहिले असताना मी नाही म्हणायला नको होतं.' धाकटी म्हणाली, ही माफी नाही. थोरली म्हणाली, आहे तेवढी घे. अजून त्यांचं यावर एकमत नाही.

महिन्याभरानं काका परत आले. नवीन पावतीपुस्तक छापायचं होतं, नजर टाका म्हणाले. 'कार्यक्रमाचे स्वरूप' ही ओळ काढून त्यांनी दोन रकाने आखले होते, 'वर' आणि 'वधू'. मी ते खोडून 'कार्यक्रम कोणाचा' असा एकच रकाना करून दिला. ते बरं म्हणाले आणि कागद घेऊन त्याच गंजगोलाईच्या प्रेसवाल्याकडं गेले.

पुस्तक छापून आल्यावर एक प्रत मला दाखवायला आणली. त्यात तिन्ही रकाने होते.